नवरीच्या मोटारीतले तांदूळ

“हे बघ तुझं काम,” असं म्हणत ह्यांनी टॉवेलची गाठ सोडली आणि मी भाकरी थापत होते तिथंच, चुलीपुढं, उंदराचं घरटं ओतलं.

मी परात मागं ओढली. जमिनीवर सीटमधला काथ्या होता, कापूस होता, चिंध्या होत्या आणि त्यात मूठभर पांढरे तांदूळ होते.

“मागच्या सीटखाली निघालं. मागच्या दिव्यांची वायर खाल्लीया. सीट आतनं पोखरलीया. आणि म्हणं तंबाखूच्या वखारीत उंदीर फिरकत न्हाई! तंबाखूला न्हाईच फिरकत, पर तांदूळ बघितल्यावर कोण सोडतंय?”

“मी एक दाणा ठेवला नव्हता गाडीत.”

“मग हे काय आभाळातनं पडलं?”

सोप्यात बसलेल्या सासूबाईंचे कान कधी मिटत नसत. “आरं, तिचं ध्यान कामात असतंय कुठं,” त्या तिथूनच म्हणाल्या. “तुळशीचं लगीन लागलं की पयली सुपारी पाटलाच्या लेकीची हाय. तवा काय गाडी ढकलत न्यायाची?”

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय! तव्यावरची भाकरी तोवर करपली होती. ती मी ह्यांच्याच ताटात वाढली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हे गेले, सासूबाई त्यांच्या आधी गेल्या, मोटारही विकली. पण ते घरटं अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

आमचं गाव कागल-निपाणीच्या पट्ट्यातलं. ह्यांची, म्हणजे केरबा चौगुल्यांची मोटार आसपासच्या गावांत ‘नवरीची मोटार’ म्हणूनच ओळखली जायची. दुधी रंगाची, लांब नाकाची, वरचं कापडी छत मागं पाडता येणारी. मूळची ती कुण्या सरकारांच्या वाड्यावरची. माझे सासरे तिथं ड्रायव्हर होते. वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा जुनी गाडी कुणालाच नको होती, म्हणून ती सासऱ्यांच्या पदरात पडली आणि त्यांच्यामागं ह्यांनी ती लग्नाकार्याला लावली. लग्नसराईत पोरींना सासरी पोचवायचं आणि आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबले की तुळशीच्या लग्नापर्यंत गाडी झाकून ठेवायची, असा तो धंदा होता.

झाकून ठेवायची म्हणजे उंदरांपासून राखायची. सायलेन्सरच्या तोंडात तारेचा चोथा कोंबायचा. बॉनेट उघडं ठेवायचं, कारण उंदराला अंधार आवडतो. दोन-चार दिवसांनी जाऊन इंजिन सुरू करायचं, म्हणजे आत कुणी संसार मांडायला नको. हे त्यासाठी इतके जपायचे की मी एकदा म्हणालेही होते, घरातल्या धान्याच्या कणगीला उंदीर लागला तेव्हा तुम्ही कूस बदलून झोपला होतात.

माझ्याकडं तांदळाचं काम. नवरी गाडीत बसते ती अंगावर अक्षता घेऊनच. नवऱ्याच्या फेट्यात अक्षता, तिच्या अंबाड्यात अक्षता, आणि पदरात आईनं भरलेली ओटी. आमच्या रस्त्यांवर गाडी चार वेळा आदळली की निम्मी ओटी सीटच्या फटीत. उन्हाळाभरात तिथं एक लहानसं शेतच पेरलं जायचं आणि त्या वासानं उंदीर यायचे. म्हणून गाडी झाकायच्या आधी मी मागच्या बाजूला गुडघ्यांवर बसून केसांतल्या आकड्यानं एकेक फट उकरायची. तांबडे दाणे अक्षतांचे, पांढरे ओटीचे. शिवाय हळकुंड, सुपारी, गजऱ्यातली वाळकी फुलं, कुणाची पैंजणाची घुंगरी.

आणि उकरता उकरता मी जळायची. हो, जळायचीच. कारण त्या सीटवर मी कधी बसले नव्हते.

माझं लग्न होतं त्या दिवशी मोटार आधीच दुसऱ्या गावच्या सुपारीत अडकलेली. सुपारी घेतली म्हणजे घेतली, आपल्या लग्नासाठी दुसऱ्याचा मुहूर्त मोडायचा नाही, असं ह्यांचं तत्त्व. हे त्या पोरीला सासरी पोचवून थेट मांडवात आले. कुणाच्यातरी अक्षता खांद्यावर तशाच होत्या. मी सासरी आले ती ह्यांच्या मामाच्या टेंपोतून, पाण्याच्या पिंपाला धरून. पुढं कधी गाडीत बसायची वेळ आली तर मी पुढं बसायची. “मागची जागा नवरा-नवरीची,” हे म्हणायचे. “धंद्याची जागा हाय ती. देव्हाऱ्यात आपण बसतो का?”

त्या वर्षी मोटार पहिल्यांदाच नीलाक्काच्या वखारीत ठेवली होती. नीलाक्का म्हणजे गावातल्या खोतांची मुलगी. लहानपणीच विधवा झालेली. वडिलांनी जाताना तंबाखूची वखार तिच्या नावावर करून दिली होती आणि ती एकटीच्या हिमतीवर चालवत होती. राहायची वखारीशेजारच्याच घरात, भाऊ-भावजयीबरोबर. वयानं माझ्यापेक्षा चांगली दहा वर्षांनी मोठी, पण बांधा असा की पाठमोरी बघितली तर कुणी नवी सून म्हणावं. तंबाखूच्या वासाला उंदीर येत नाही असं तिनंच ह्यांना सांगितलं, आणि “वखारीचा एक कोपरा रिकामाच हाय, ठेवा की, भाडं नको,” असंही तिनंच म्हटलं.

भाडं नको! या वाक्यानं मी आषाढापासून धुमसत होते. हे इंजिन सुरू करायला म्हणून जायचे आणि अंगाला तंबाखूचा वास घेऊन यायचे. तंबाखू खात नसलेल्या माणसाच्या सदऱ्याला तो वास. सदरा धुताना मी धोपटण्यानं दगडावर असा हाणायची की एका महिन्यात दोन काजं उसवली.

घरटं ओतल्यावर दुसऱ्या दिवशी मी ते सुपात घेऊन अंगणात बसले. आधी तांदूळ वेचले. तांबडा एक नाही. सगळे पांढरे, आणि नवे. लग्नसराईतले असते तर पिवळट पडले असते. मग चिंध्या उलगडल्या. हिरव्या खणाचे तुकडे होते ते, काठासकट. आणि तळाशी एक हळकुंड.

मी ते तळहातावर घेतलं. तांदूळ, खण, हळकुंड. ही ओटी होती. आषाढीनंतर गाडीचं चाक हललेलं नाही, गावात लग्न नाही, मुहूर्तच नाहीत. मग माझ्या नवऱ्याच्या मोटारीत, मागच्या सीटवर, ओटी कुणाची भरली गेली?

दोघंच तर जात होती तिथं. आमच्याकडं विधवांची पाटाची लग्नं व्हायची, ती अशीच गुपचूप, कुठंतरी आडोशाला. माझ्या डोळ्यांपुढं सगळं उभं राहिलं. छत मागं पाडलेलं, ती हिरव्या साडीत, शेजारी हे. ज्या जागेवर मला बसू दिलं नाही त्या जागेवर तिला बसवलं. मला नवरा जाण्याचं दुःख आधी झालं की सीट जाण्याचं, हे आजही सांगता येणार नाही.

“काय गं, तांदळात तोंड घालून बसलीस?” सासूबाईंनी विचारलं.

“आत्ती, वखारीत जागा फुकट कशापायी दिली असंल हो नीलाक्कानं?”

सासूबाईंनी पानाला चुना लावला. “फुकट कोण देतंय बाई? आज न्हाई उद्या वसूल करतंयच माणूस.”

मला एवढं पुरे होतं.

त्या आठवड्यातला शुक्रवार श्रावणातला. श्रावणी शुक्रवारी आमच्याकडं सवाष्णींना घरोघर बोलावणं असतं, हळदीकुंकू होतं, ओट्या भरतात. हे सकाळीच कोल्हापूरला वायर आणायला जातो म्हणून बाहेर पडले. ‘वायर’ या शब्दावर माझा आता विश्वास उरला नव्हता. दुपारी मी कुंकवाचा करंडा आणि रिकामी पिशवी घेऊन निघाले, ते बोलावणं होतं त्या घरी न जाता वखारीकडं वळले.

मोठा दरवाजा बंद होता. पण त्यातलं लहान दार, दिंडी, नुसती लोटलेली होती. मी हात लावणार एवढ्यात आतून मोटारीचं दार लागल्याचा आवाज आला. तो जड, बसका आवाज मी झोपेतही ओळखला असता.

म्हटलं, सापडले.

आत शिरले. तंबाखूच्या बोदांमधून, त्या गच्च भरलेल्या मोठ्या गोण्यांमधून, वाट काढत मागच्या कोपऱ्यात आले. वरच्या झरोक्यातून उजेड येत होता. गाडीचं छत मागं पाडलं होतं. मागच्या सीटवर नीलाक्का बसली होती. हिरवं रेशमी पातळ, डोक्यावरून पदर. समोर ड्रायव्हरची जागा रिकामी. शेजारची जागा रिकामी. साऱ्या वखारीत दुसरं माणूस नव्हतं.

डाव्या हातानं तिनं पदराचा झोळ धरला होता आणि उजव्या हातानं शेजारच्या तांब्यातले तांदूळ मुठीमुठीनं त्यात घालत होती. मूठ घातली की झोळ कलंडायचा आणि थोडे दाणे घरंगळून सीटवर पडायचे. दुसरी मूठ, पुन्हा तेच. डोळे मिटलेले होते.

मी भांडायला आले होते. शिव्यासुद्धा ठरवून आणल्या होत्या. त्यातली एकही आठवेना.

“अक्का,” मी म्हटलं.

ती दचकली. मूठ तशीच हवेत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “वैनी, आधी दार लावून या.”

मी मुकाट्यानं जाऊन दिंडीला कडी घातली. परत आले तेव्हाही ती तशीच बसलेली होती.

“हे कुठं हाईत?” मी विचारलं.

“कोण? केरबा? मला काय ठावं?”

“मग ओटी कुणासाठी? आज शुक्रवार, तुमाला कुणी बोलावलेलं नसणार. मागच्या बारीलाबी तुमीच बसलावता न्हवं? उंदराच्या घरट्यात खणाचं तुकडं निघालं, त्यो खण कुणाचा व्हता?”

तिनं मुठीतले तांदूळ परत तांब्यात टाकले. मग सीटवरून हात फिरवत म्हणाली, “लगीन झालं तवा मी तेराची. न्हाण आल्यावर पाठवणी ठरली. बाबांनी सरकारांच्याकडनं मोटार मागून आणली. हीच. तुमचा सासराच होता ड्रायव्हर. मोटारीला झेंडूची माळ घातली होती. आईनं माझी ओटी भरायला घेतली आणि तिकडनं माणूस आला. तापानं गेले म्हणून. आईच्या हातातनं सूप पडलं. मोटार दारातनं तशीच माघारी गेली, माळ घालून. मी दारातनं बघितली.”

मी उभीच होते.

“केरबा म्हणाले, गाडी ठेवायला जागा बघतोय. मीच म्हटलं, माझ्याकडं ठेवा. चार महिनं दारात उभी ऱ्हाईल. आपली आपण ओटी भरायची, जरा बसायचं, उतरायचं. कुणाचं काय जातंय? खण घरात न्यायचा कसा, भावजय बघंल, म्हणून सीटच्या खाली सारला. उंदराचं ध्यानातच आलं न्हाई, वैनी.”

“ह्यांना ठाव हाय?”

“कळलं तर आजच्या आज गाडी नेतील. विधवा बसली म्हटल्यावर कोण नवरी बसंल ह्यात?”

ते खरंच होतं. कुणाच्या कानावर गेलं असतं तर पाटलांची सुपारी गेली असती आणि तिच्यामागून सगळ्याच गेल्या असत्या. आमच्या पोटावर पाय देऊन ही बाई डोळे मिटून बसली होती. मला तिचा संताप आला. हिच्यापायी मी बोलणी खाल्ली होती. पण खरं सांगायचं तर संतापाच्या आत निराळंच काहीतरी टोचत होतं. मी ती सीट वर्षानुवर्षं पुसली, उकरली, तिच्यावर हात फिरवला, आणि बसायची छाती झाली नाही. हिनं कुणाला विचारलं नाही. दार उघडलं आणि बसली.

“उतरते,” ती म्हणाली. “शपथ घेते, परत न्हाई बसायची.” आणि एका हातात झोळ धरून ती उठायला लागली. सीटवर तांदळाची धारच लागली.

“हलू नका!” मी ओरडले. “हलू नका म्हणते ना! सगळे फटीत जातील!”

ती घाबरून तशीच अर्धवट वाकून राहिली. मी करंडा बोदावर ठेवला, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि आत शिरले.

अशी मी त्या सीटवर पहिल्यांदा बसले. इतकी वर्षं जिच्यासाठी जळले तिथं. मांडीखाली एक स्प्रिंग टोचली. घडीच्या छताला कुबट वास येत होता. मी वाट बघितली, पण काही झालं नाही.

“अक्का, बसा खाली. आपली ओटी आपण भरतं का कोण? एका हातानं पदर, एका हातानं तांदूळ. सांडणारच की!”

“मग कोण भरणार?” तिनं विचारलं. तक्रार नव्हती त्यात. साधाच प्रश्न होता.

मी तिच्या हातातला तांब्या ओढून घेतला. “दोन्ही हातांनी धरा पदर. असा. आणखी पसरा.”

तिनं पदर धरला. मी ओंजळ भरली आणि तिच्या पदरात घातली. पुन्हा भरली, पुन्हा घातली. शेजारी तिनं आणलेले नारळ, हळकुंड, खण होते, ते वर ठेवले. सवयीनं माझा हात करंड्याकडं गेला, तशी तिनं मान मागं घेतली.

“कुंकू नगं, वैनी. तेवढं नगं.”

मी हात मागं घेतला. तिनं पदराला गाठ मारली, पाठ सीटला टेकली आणि समोर बघायला लागली. समोर काय होतं? तंबाखूची बोदं आणि भिंत. पण तिचा चेहरा असा झाला होता की मी उन्हाळाभरात घासलेल्या त्या सीटवर बसलेल्या एकाही नवरीचा तसा झाला असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही. सगळं माझ्याकडं होतं, नवरा होता, कुंकू होतं, आणि तरी वाटला.

जरा वेळानं ती उतरली. ओटी माझ्या पिशवीत घातली, म्हणजे भावजयीचा प्रश्न नको. मी आकडा काढून सीटच्या फटी पुन्हा उकरल्या, अगदी काथ्यापर्यंत. घरी गेले तर सासूबाईंनी पिशवी उचलून बघितली. “आज लईच भरली गं तुझी ओटी?” त्या म्हणाल्या. त्या तांदळाचा रात्री भात केला आणि सगळ्यांनी खाल्ला.

हे संध्याकाळी आले होते, हातात खरोखरच वायरचं भेंडोळं. मी जेवताना म्हणाले, “ते तांदूळ माझ्याकडनंच ऱ्हायले असतील. आज जाऊन पुन्यांदा सगळी सीट बघून आले.” ह्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी मलाही वखारीवर नेलं, दिवा धरायला. वायर घातली, सीट शिवली, इंजिन सुरू केलं. नीलाक्कानं मोठा दरवाजा उघडून दिला आणि ती आपल्या घराच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. नेहमीचं विटकं पातळ, नेहमीचा चेहरा. माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. हे फडक्याला हात पुसत पुसत माझ्याजवळ आले.

“परवा जरा जास्तीच बोललो तुला,” हे म्हणाले. “बस मागं.”

“मागं?”

“वायर बसलीया का न्हाई बघाय पाहिजे. वखारीच्या आवारात एक चक्कर मारू. बस की. कुणाची सुपारी न्हाई आज.”

आणि ह्यांनी स्वतः मागचं दार उघडून धरलं, नवरीसाठी धरतात तसं.

मी बसले. गाडी उजेडात आली. चिंचेच्या झाडाला वळसा घालून वळली. वारा लागत होता, ऊन दुधी बॉनेटवर चमकत होतं, सगळं मनासारखं होतं. पण माझ्या शेजारची जागा रिकामी होती. समोर मला दिसत होती ती ह्यांची मान, घामानं ओली झालेली कॉलर आणि कानामागं लागलेला ग्रीसचा डाग. मी नवरी होऊन बसले होते आणि माझा नवरा पुढं होता, एकटाच.

वळताना पायरीवर नीलाक्का दिसली. ती माझ्याकडं बघत होती. त्या नजरेला नाव विचारायची मला गरज नव्हती. मी सारी वर्षं तशाच नजरेनं बघत आले होते.

“थांबवा जरा,” मी म्हणाले.

ह्यांनी ब्रेक दाबला. “काय झालं? टोचतंय?”

“न्हाई. मी पुढं येते.”

“आगं, पर मागं बसायची हौस होती न्हवं तुला?”

“होती,” मी म्हणाले.

उतरताना सवयीनं सीटवरून हात फिरवला. एक दाणाही लागला नाही. दार लावलं आणि पुढं जाऊन ह्यांच्या शेजारी बसले.